चिरंजीवांच्या जागी

सोमवार, ३ फेब्रुवारी

कच्चा! मासा कच्चा! लिंबू पिळून ठेवलं की आपोआप शिजतो म्हणे. शिजतो कसला, डोंबल! सूनबाई बोटं चाटून खात होती आणि मी समोर बसून पाणी पीत होते. तेही बाटलीतलं.

हे सगळं चिरंजीवांमुळे. सुट्टी नवरा-बायकोची, सहा महिन्यांपूर्वीच पैसे भरलेली. सर्फिंगची. म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं आणि नाकातोंडात पाणी गेलं की हसायचं. निघायच्या तोंडावर साहेबांना ऑफिसचं काम निघालं! "आई, तू जा तिच्याबरोबर. एकटी पडेल ती." मी म्हटलं, मी फळीवर चढू का आता? "तू नुसती सोबत राहा गं." साठी उलटल्यावर सुनेच्या फळीला सोबत! कोणाला सांगायची सोय नाही.

खिडकीतून समुद्र दिसतो. चादरीतही समुद्रच आहे, निम्मी वाळू तिथेच.

मंगळवार, ४

घरून आणलेल्या खाऊच्या डब्याला मुंग्या. झाकण नीट लागलं नव्हतं. शेवटचा मीच उघडला होता, पण म्हणून तिने बघायला नको?

बुधवार, ५

दोन दिवस हॉटेलच्या टोस्टवर काढले. टोस्ट कसला, पायपुसणं. आज दुपारी डोळ्यापुढे अंधारी आली तेव्हा मुकाट्याने सूनबाईच्या मागून जेवायला गेले.

वाळू संपते तिथे पत्र्याची शेड आहे. चार बाकं, एक मोठी चूल, आणि खानावळवाली. तिला सांगितलं, "बाई, मला शिजलेलं हवं. पूर्ण शिजलेलं." ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे भात पण शिजवतात." आजी! माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी लहान असेल!

पण भात मऊ होता. वर नारळाच्या दुधातली भाजी, हिरवीगार पानं, जिभेला झोंबणारी मिरची. घाम फुटला, नाक वाहायला लागलं, तरी ताटली पुसून खाल्ली. ही पानं कसली म्हणून विचारलं तर खानावळवाली म्हणे, "पाठीमागे उगवतात ती." एवढंच उत्तर! मी सांगते, घरी मी असं उत्तर दिलं असतं तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. अलीकडे बघतच राहते. मी आता काहीतरी बोलणार आहे, असं वाटत असावं तिला. शेवटी मी म्हटलं, "मीठ कमी आहे." तिने मान खाली घातली.

रात्री चिरंजीवांचा फोन. "बोललात का दोघी?" बोलायचं काय? मासा कच्चा आहे, मीठ कमी आहे. "बरं, बरं," म्हणाला आणि घाईने ठेवला. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली माझी, आवाजावरून माणूस ओळखते. पोराची झोप होत नाही. पिळून काढलाय त्याला त्या ऑफिसने!

गुरुवार, ६

संताप, संताप, संताप.

सकाळी सूनबाईला लाटेने उचलून आपटलं. फळी तोंडावर बसली. ओठ फाटला, टाके पडले. आणि तो लाटांचा मास्तर—केसांची शेपटी बांधलेला, उघडा—मला म्हणतो, "होतं असं, मावशी." होतं असं? मी म्हटलं, "पोरीला एवढ्या लाटेत सोडताना तुमचं लक्ष कुठे होतं? फी घेताना बरं असतं!" किनाऱ्यावरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. सूनबाई तोंडावर रुमाल धरून म्हणत होती, "आई, राहू द्या." राहू कशी देऊ?

मग दुसरा अंक. तिला चावता येईना, म्हणून खानावळवालीकडून पातळ भात आणि माशाचं गरम पाणी किटलीत घेऊन आले. हॉटेलचा मॅनेजर दारातच आडवा. "मॅडम, बाहेरचं खाणं खोलीत अलाउड नाही."

"मग तुमच्याकडे पातळ काय आहे?"

"ज्यूस आहे. टोस्ट आहे."

"फाटक्या तोंडाने टोस्ट चावायचा? तुम्ही चावून दाखवा आधी!"

तो नियमाची पाटी दाखवायला लागला. मी तिथेच, स्वागतकक्षातल्या पांढऱ्या सोफ्यावर सूनबाईला बसवलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर चमच्याने भरवलं. खोलीत चालत नाही ना? मग इथे! एक थेंब सोफ्यावर सांडला. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.

भरवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठाला झोंबलं असणार. "आई, तुम्ही हे कशाला करताय?" म्हणाली. हा काय प्रश्न झाला? शिकलेल्या मुली कधी कधी अगदीच खुळ्यासारखं बोलतात.

शुक्रवार, ७

मॅनेजर आता मला बघून दुसऱ्या दाराने जातो. जाऊ दे.

शनिवार, ८

आज खाल्ला. कच्चा मासा! सूनबाईला आंबट झोंबतं म्हणून तिच्या वाटणीचाही मीच संपवला. वाईट नाही. वाईट नाही म्हणजे—चांगला आहे. खानावळवाली लांबून बघत होती, तिच्यासमोर तोंड वाकडंच ठेवलं.

किती दिवसांनी बरं वाटलं! वारा होता, पोट भरलेलं होतं, मास्तरसुद्धा येऊन सूनबाईची चौकशी करून गेला. म्हणून सहज म्हटलं, "पुढच्या वर्षी तिघं येऊ. त्यालाही हे खायला घालू."

सूनबाईने चमचा खाली ठेवला. उठली आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालायला लागली. टाके ओले करू नकोस म्हणून मी ओरडले, तरी वळली नाही.

माझं काय चुकलं? एवढं करायचं, भांडायचं, भरवायचं, आणि वर हे! मुलगा म्हणतो बोला, सून बोलत नाही. मी काय भिंतींशी बोलू?

रविवार, ९

दोघं वेगळे होताहेत. चार महिने झाले ठरून, सूनबाईने आज सांगितलं. वकीलही गाठून झालाय.

सूनबाईला वाटत होतं, मला ठाऊक आहे. "आईला सगळं सांगितलंय, तिलाच तुझ्याशी बोलायचंय," असं सांगून त्याने मला तिच्याबरोबर धाडलं. आणि मला काय, तर एकटी पडेल ती! "तुम्ही रोज विषय काढाल म्हणून जीव मुठीत धरून बसायचे," म्हणाली, "आणि तुम्ही मिठाबद्दल बोलायच्या." दोघींना हसू आलं. तिचे टाके ताणले, तरी थांबेना. मग ती रडली. मग मी.

खानावळीत बसलेलो असताना त्याचा फोन आला. "आई, कळलं ना सगळं? समजावलंस का तिला, राहा म्हणून?"

"आम्ही जेवतोय," म्हटलं आणि ठेवून दिला.