खुर्चीत बसलेली ताई

४ मार्च
सकाळच्या गाडीने आले. भावोजी न्यायला आले होते. ताईचं कपाट आवरायचं आणि त्यांच्या प्रदर्शनात तिच्या चित्राखाली लावायला मजकूर लिहायचा, म्हणून बोलावलंय. म्हणाले, मास्तरीणबाई, आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ताई गेल्यावर पहिल्यांदाच हसले. घर उजेडाचं आहे. बरं वाटलं.

५ मार्च
चित्र पाहिलं. अगदी हुबेहूब ताई. मान कलती, गळ्याला पांढरा रुमाल, डोळे अर्धवट मिटलेले. प्रदर्शनवाल्या बाईंनी अर्थ सांगितला : रुमाल म्हणजे निर्मळपणा, निळसर नखं म्हणजे उतरती सांज, डोळ्यांत समाधान. मी उतरवून घेतलं. भावोजी वैतागले. अर्थबिर्थ काही नाही म्हणाले, समोर दिसतं तेवढंच मी काढतो. खरंच आहे. ताई हसायची, सडकं सफरचंद काढायचं तर ते खरंच सडेपर्यंत हा माणूस वाट बघत बसतो, पण मनाने एक डाग काढणार नाही.

७ मार्च
मजकूर जमत नाही. ताईची नखं निळी नव्हती. चित्रात रुमालाच्या कडेखाली काळपट वळ आहे, दोरीच्या पिळासकट. ती जिन्यावरून पडली असं मला कळवलं होतं. मी पोहोचायच्या आत सगळं उरकलं होतं.

८ मार्च
जेवताना विचारलं, ताई या चित्रासाठी बसली कधी? ताट भिंतीवर गेलं. केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं. मग शांतपणे रक्त पुसत म्हणाले, “सारखी हलायची गं ती. किती सांगितलं, हलू नकोस.”

९ मार्च
बाहेरून कडी. फोन नेला. मी ओरडले तर तोंडात रंगाचं फडकं कोंबलं. ताईच्या खुर्चीत बसवलं, उजेड असेतो मनगटं बांधली. हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली — हाड करकरलं —

१० मार्च
मी हलले. डाव्या हाताची बोटं मोडली, एकेक करून. उजवा मोकळा ठेवलाय, मजकूर हवाय म्हणून.
लिहून दिला. चित्रातली बाई मेलेली आहे. एवढंच.
वाचून नुसता हसला. दोर घ्यायला गेलाय.

केस कपाळावर ओढून घे म्हणाला, जखम झाकली पाहिजे. नाही. मागे घेऊन बांधतेय. एका हाताने जमत नाही, रक्ताने चिकटलेत. पण जखम उघडी राहू दे — दिसतं ते काढल्याशिवाय त्याला राहवणार नाही — कुणीतरी बघेल, अर्थ न लावता नुसतं —

रबर निसटलं. पुन्हा बांध