सिताबाईच्या नावावरची रमी

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

बेंबळी, रविवार

तीर्थरूप महांतप्पा अण्णांच्या चरणी मल्लिनाथचा शरणार्थ.

इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. इकडं म्हणजे मी एकटाच आहे, आणि माझं क्षेम कितपत आहे ते पुढं कळेलच. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा असेल तर डावा.) वहिनींचा खोकला गेला का? सोयाबीनच्या शेंगा भरल्या का? पांढऱ्या बैलाचं खूर बरं झालं का, आणि मी दिलेलं मलम त्यालाच लावलंत ना, की मागच्या खेपेसारखं स्वतःच्याच गुडघ्याला? आणखी एका माणसाची तब्येत विचारायची आहे, पण तिचं नाव लिहायला गेलं की माझं अक्षर बिघडतं, म्हणून ते खाली विचारतो.

तुमची बहीण घर सोडून तुमच्याकडं आली त्याला आज अकरा दिवस झाले. एवढ्या अवधीत तिची बाजू तुम्ही चार वेळा तरी ऐकली असेल आणि सास्तूरच्या निम्म्या गावानं एकेकदा. सास्तूरला पोचेपर्यंत गोष्ट किती फुगते याचा मला अनुभव आहे. परवा तिकडचा एक माणूस गाय दाखवायला आला, तर तो म्हणाला की मी घर जुगारात लावलं आणि गल्लीतल्या सात बायकांना इंटरनेटवरच्या परक्या पुरुषांपुढं डोळे मिचकावायला लावले. घर जागेवर आहे. दुसऱ्या आरोपात थोडं तथ्य आहे, पण पुरुष नव्हते, नुसता कॅमेरा होता. म्हणून माझी बाजू लिहितो. ती आली तशी परत यावी एवढीच माझी इच्छा आहे, पण ते मी मागत नाही, नुसतं नोंदवून ठेवतो.

पहिली गोष्ट, याचं मूळ तुमच्या ओसरीवर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी सास्तूरला आलो तेव्हा भूकंपानंतरच्या तुमच्या नव्या घराला अजून रंगाचा वास येत होता. तुम्ही मला रमी शिकवलीत, खोबऱ्याच्या वाट्या लावून आपण दिवसभर खेळलो, आणि मी तुम्हा चौघांनाही हरवून पिशवीभर खोबरं घेऊन घरी आलो. त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला रमीतला जाणकार समजत आलो. भांडणात तुमच्या बहिणीनं आता सांगितलं की जावयाला पहिल्या पंचमीला हरवायचं नाही असं तुमच्या वडिलांनी सगळ्यांना बजावलं होतं आणि तुम्ही तर जोकर मांडीखाली दाबून बसला होता. अण्णा, हे तुम्ही मला त्याच वर्षी सांगितलं असतंत तर! निदान अर्धं खोबरं तरी मी परत केलं असतं. (थांबा, दूध उतू गेलं. आलो.)

तर माझ्या मंजुषानं पुण्याहून मोठ्या पडद्याचा फोन धाडला. मी त्यावर म्हैस अडली तर काय करावं याचे व्हिडिओ बघत होतो. डॉक्टर अमरसिंहांकडं जनावरांचा कंपाउंडर आहे मी, ज्ञान वाढवत राहावं लागतं. म्हैस मोकळी होणार एवढ्यात मध्येच जाहिरात आली. माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच टक्कल पडलेला एक मनुष्य रमी खेळून हसत होता. मी म्हटलं, हा जिंकतो तर मला काय धाड भरली आहे. अडचण एकच होती. माझ्या बँकेचे सगळे मेसेज मंजुषाच्या फोनवर जातात (तिनंच तशी सोय केली आहे, बापाची काळजी म्हणून), त्यामुळं माझं खातं चालणार नव्हतं. राहिलं तिच्या आईचं. पॅन कार्ड होतं, खातं होतं, ओटीपी बघायला तिचा फोन घरातच पडलेला असायचा, फक्त चेहरा हवा होता. तेव्हा सगळीकडं रेशन कार्डाच्या केवायसीची धांदल चालू होती, चेहरा दाखवून घरबसल्या होतं म्हणत होते. मी सिताबाईला म्हटलं, ये, तुझं रेशनचं केवायसी करून टाकतो.

लिहिलं नाव. बघा, अक्षर बिघडलंच.

तिनं तोंड धुतलं, वेणी घातली, मंजुषाच्या साखरपुड्याची साडी नेसली आणि भिंतीपुढं उभी राहून सांगितल्याबरोबर तीनदा डोळे मिचकावले. झालं का, म्हणाली. झालं म्हटलं. खरंच झालं होतं, फक्त रमीचं. मग ती बाहेर गेली आणि नवऱ्यानं दोन मिनिटांत घरातच काम केलं म्हणून गल्लीभर सांगून आली. दुपारी कस्तुराबाई दारात. 'आमचंबी डोळं मिचकावून घ्या की वो, तिथं रांगंत पाय मोडायलेत माजे.' तिच्यामागं आणखी सहाजणी. आता मी काय सांगायला हवं होतं ते मला आज दिसतं. त्या वेळी दिसलं नाही. मी एकेकीला भिंतीपुढं उभं केलं, फोन वर धरला, डोळे मिचकावा म्हटलं आणि 'झालं' म्हणून घरी पाठवलं. दोघींनी चहापत्ती आणून दिली. एकीनं काकडी दिली. काकडी मी खाल्ली, अण्णा, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरचे चार महिने मी तुमच्या बहिणीच्या नावानं खेळलो. टेबलावर नाव तिचं दिसायचं, त्यामुळं नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतचे लोक मला ताई म्हणायचे आणि पानं उचलायला जरा अदबीनं थांबायचे. राखीच्या दिवशी एकानं तर ओवाळणी म्हणून डाव सोडून दिला. एवढा मान मला बेंबळीत कधी मिळालेला नाही. पण चैन नव्हतं. जेवताना अंगठा ताटाच्या कडेवर सरकायचा. दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या मी रंगानं लावायला लागलो आणि तीन सारख्या झाल्या की बरं वाटायचं. एकदा डॉक्टर म्हशीला सलाईन लावत होते, एका हातात माझ्या दावं आणि दुसऱ्यात फोन. मला हवी होती चौकटची नव्वी. ती आली, मी आनंदानं दोन्ही हात वर केले, आणि म्हैस सलाईनच्या बाटलीसकट बाजाराच्या दिशेनं गेली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतःच म्हशीमागं पळाले. साठीचा मनुष्य आहे.

किती गेले ते विचारू नका, मी स्वतःलाही विचारत नाही. पण कुठले गेले ते सांगायलाच हवं. बचत गटाच्या बायकांबरोबर शेवयाचं मशीन घ्यायचं म्हणून तिनं त्या खात्यात तीन वर्षं पैसे साठवले होते. मी त्यातले आधी उसने घेतले, मग उसने फेडण्यासाठी आणखी घेतले. श्रावणात मात्र नशीब फिरलं होतं, शपथेवर सांगतो. अर्ध्याहून जास्त परत आले होते आणि आणखी चार-सहा डावांत सगळे आले असते. (प्रत्येकजण असंच म्हणतो, हे मंजुषा म्हणाली. एवढंच बोलली ती. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.) तेवढ्यात सरकारनं कायदा करून पैशाची रमी बंद केली. सकाळी उघडलं तर टेबलच नाही. नागपूरचे नाहीत, कोल्हापूरचे नाहीत, मला ताई म्हणणारं एकही माणूस नाही, आणि शिल्लक होती ती आत अडकलेली. मी अर्धा तास फोन हलवून बघितला. दिवसभर दर दहा मिनिटांनी उघडून बघत होतो की कायदा मागं घेतला का.

तरीही कुणाला काही कळलं नसतं. पण महालक्ष्म्या झाल्या आणि बायका रेशन आणायला गेल्या. दुकानदारानं सांगितलं की तुमचं केवायसीच झालेलं नाही, धान्य थांबलंय. एकीचं नाही, सातजणींचं, आणि आठवी आमची. सिताबाई त्याच्याशी भांडली म्हणे. 'माज्या नवऱ्यानं सोता केलंय, दोन मिंटात केलंय,' असं भर रांगेत ठणकावून सांगितलं तिनं. माझ्या वतीनं ती भांडत होती, अण्णा, हे मला नंतर कस्तुराबाईनं सांगितलं आणि तेव्हापासून मला जेवण धड जात नाही. घरी येऊन तिनं माझा फोन मागितला. त्यात तिचा फोटो, तिचं नाव आणि खाली चार महिन्यांचे डाव. तिनं सगळं वर-खाली करून बघितलं. मी म्हटलं, मशीनचे पैसे मी भरून देतो. ती म्हणाली, 'पैशाचं ऱ्हाऊ द्या. म्या तुमच्यापुडं डोळं मिचकावत हुबी ऱ्हायले, अन् तुमी हसलाव बी न्हाय.' आणि पिशवी भरायला लागली.



बाकी माझं उत्तम चाललंय. सातही जणींना मी स्वतः टमटम करून रेशनच्या दुकानात नेलं, दोन दिवस त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहिलो, मशीनवर अंगठे उठवून घेतले. कस्तुराबाईचा अंगठा काही उठेना, भांडी घासून घासून रेघाच गेल्यात. शेवटी बोटं बदलत बदलत डाव्या करंगळीवर झालं आणि रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धान्य सुरू झालंय. रमी फोनमधून काढून टाकली आहे. अंगठा अजून सरकतो, पण आता त्याखाली काही नसतं. भाकरी मला येत नाही, भात येतो. भातात मी मीठ दोनदा घालतो, कारण एकदा घातलं का ते विचारायला कुणी नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, बसतो, पुन्हा उठतो. शेजारचे विचारतात काय हरवलंय. ती कशी आहे, नीट जेवते ना? तिला म्हणावं, तुझं माहेर आहे, पाहिजे तेवढं राहा, माझी काही तक्रार नाही. घाई तर अजिबात नाही. दसऱ्याला अजून वेळ आहे. तशी त्याआधीही एक-दोन चांगल्या तिथी आहेत, कॅलेंडर मी सहज बघितलं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पत्रात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं.

तुमचा,
मल्लिनाथ

ता. क. – एक छोटं काम राहिलं. ती अडकलेली शिल्लक काढायचं बटण चालू आहे असं कळलं. पण बटण दाबलं की ओटीपी जातो तिच्या फोनवर, तो सहा आकडी असतो आणि दहा मिनिटंच टिकतो. पत्र पोचायला चार दिवस लागतात, म्हणून असं ठरवू : हा नाही, पुढच्या गुरुवारी सकाळी बरोबर अकरा वाजता मी बटण दाबतो. तुम्ही तिच्याजवळ बसा, आणि आकडे आले की तिला मला फोन लावायला सांगा. हे फोनवर सांगितलं असतं, पण तिनं माझा नंबर बंद करून ठेवलाय, आणि तुम्ही 'हॅलो, आवाज येईना' म्हणून ठेवून देता. आवाज येतो, अण्णा. मागं वहिनी 'दाजी हायत व्हय' म्हणतात तेसुद्धा मला ऐकू येतं.

ता. क. २ – आकडे तुम्ही सांगू नका, तिनंच सांगावेत. ओटीपी कोणालाही सांगू नये असं बँकेनं बजावलंय आणि ती ते फार काटेकोर पाळते. मी त्या 'कोणालाही'मध्ये येतो की नाही, हे तिनं ठरवावं. यायला नको होतं, पण आलो असेन.

ता. क. ३ – पाकीट चिकटवताना मंजुषाचा फोन आला. कंपनीनं सगळ्यांचे अडकलेले पैसे आपणहून परत केलेत, तिच्या आईच्या खात्यात कालच जमा झाले. मशीनसाठी कमी पडतात तेवढे मी पगारातून दरमहा तिथंच भरतोय, पहिले भरलेसुद्धा. म्हणजे आता दाबायला बटण नाही आणि ओटीपी येणार नाही. तरी गुरुवारचं तेवढं राहू द्या. अकराला मी फोन घेऊन बसतो. तिला म्हणावं, कुठलेही सहा आकडे सांग. मी लिहून घेईन.