तेवीस किलोंची बॅग

३ ऑगस्ट

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

दोन वर्षांत आपली पत्रं नाहीत, तेव्हा दचकू नकोस; बातमी चांगली आहे. आपल्या चर्चच्या मंडळीनं माझं नाव पाठवलं होतं, त्या परदेशातल्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. सात महिने तिथंच राहायचं. आजारी माणसाजवळ बसावं कसं, प्रार्थना कधी करावी आणि कधी नुसतं गप्प राहावं, हे शिकवतात. तीस वर्षं नर्स म्हणून सुया टोचल्या, आता चोपन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी. हस हवं तर.

बाबांच्या कॉटवर बॅग उघडून ठेवली आहे. तेवीस किलोंच्या वर नेता येत नाही. काल झाकण बसेना म्हणून वर बसले. तू असतास तर तुझं वजन कामी आलं असतं. दोन स्वेटर हातात धरून मी मोठ्यानं विचारलं, कुठला घेऊ? मग ध्यानात आलं, बाबांना जाऊन वर्ष झालं.

अर्जात एक रकाना आहे, काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवायचं. तुझं नाव घालू का? एकोणीस तारखेला निघते.

माया असू दे.
तुझी धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नाव घाल, विचारतेस काय? घरचा फोन लागला नाही तर घड्याळाच्या दुकानातला दे. तुझी वहिनी गेल्यापासून मी तिथंच बसलेला असतो.

तू निघण्याआधी एक सांगायलाच हवं. चोविसाव्या वर्षी तुझी अशीच निवड झाली होती. बाबांना एकटं कसं सोडू, म्हणून तू गेली नाहीस. त्याच आठवड्यात बाबा मला म्हणाले होते, "तिला म्हणावं, जा. मी माझं बघेन." स्वतः सांगताना रडू येईल, म्हणून माझ्याकडून निरोप दिला. तो मी तुला दिलाच नाही. तू गेली असतीस तर मला नवी नोकरी सोडून घरी यावं लागलं असतं. बाबांना सांगितलं, तिलाच जायचं नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही. नीट जा. जाडा स्वेटर घे.

तुझा दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,
सलाम.

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. भरलेली बॅग मी पूर्ण रिकामी केली. तासभर तशीच बसले, मग पुन्हा भरली.

शेवटच्या आजारात बाबा सारखे विचारायचे, "तुला नक्की जायचं नव्हतं ना?" मला वाटायचं, तापात बडबडताहेत. मी औषधाचा चमचा पुढं करायची. दादा, त्यांना उत्तर हवं होतं रे.

इथली खोली लहान आहे, खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. वर्गातले सगळे माझी मुलं शोभतील अशा वयाचे. जेवताना ते हसतात ते मला अर्धंच कळतं, मग मीही जरा उशिरा हसते. परवा बाई म्हणाल्या, तुम्हाला ऐकायला छान जमतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुला माफ केलं असं लिहायला दोनदा बसले. अजून ते खरं नाही, आणि इथं येऊन खोटं लिहायचं जिवावर येतं. खरं होईल त्या दिवशी कळवीन. तोवर दर आठवड्याला पत्र टाक, दुकानातलं काहीही लिही. मंगळवारी टपाल येतं. मी खाली जाऊन उभी असते.

लोभ आहे, वाढायला जरा वेळ दे.
धाकटी