बहिरूचा शेवटचा चिंचोका

कुंदन,

चांदवडला निघालोय. शेतातल्या कांदाचाळीत कांदा भरताना बाबांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात ठेवलंय. फोनवर आईचं रडणंच जास्त ऐकू आलं. तुला उठवलं नाही, तुझी बाइक न विचारताच नेतोय.

संध्याकाळचा आपला सोंगं घेऊन गोष्ट रचायचा खेळ मोडू नका. माझा मांत्रिक तू खेळ, फक्त जादू करू नकोस. एका मंत्राला आत्म्याचा एक अंश, म्हणजे वाटीतला एक चिंचोका जातो, आणि त्याच्या वाटीत आता एकच उरलाय. तो गेला की माणूस बसल्या जागी दिसतो, पण हाकेला ओ देत नाही.

खेळ प्रतिभा चालवतेय, संकटं तीच रचते, ती मुद्दाम कोंडीत पकडेल. हर्षाली ओरडेल, "अरे कंजूस, टाक ना एक मंत्र, आपण सगळे मरतोय!" मरू देत. पळून जा, पाया पड, राक्षसाला भजन ऐकव, पण त्या चिंचोक्याला हात लावू नकोस.

हसशील. मीही हसत हसतच त्या मांत्रिकाला बाबांचं नाव दिलं होतं, बहिरू. शिवारात त्यांनी साद घातली की पलीकडच्या डोंगरानं वळून बघावं, असा आवाज आहे ना त्यांचा, म्हणून. तेव्हा काय ठाऊक होतं!

खेळच आहे, कळतंय मला. तरी एवढं कर.

पोळ्या डब्यात आहेत, भाजी गरम करून घे. खेळ संपला की फोन कर, आणि आधी तूच बोल. तो आहे, एवढंच सांग. मग मी बाबांचं सांगेन.

स्वराज