ताईच्या नळीची हिरवी वायर

घुग्घुस, मंगळवार संध्याकाळ

ताईच्या घरची सारी वायरिंग माही, पण आज कौतुक गॅस फिटर रफिकचं. त्यानं बाहेरच्या सिलिंडरपासून ओट्यापर्यंत गॅसची पिवळी, वाकणारी स्टीलची नळी टाकली. पाहतो तर तिले आर्थिंगची हिरवी वायरच नाई! वीज पडली तर ठिणगीनं नळीले भोक पडते. बहिणीच्या घराले धोका, अन् मले आधी आनंद झाला? हो, झाला. सगळ्यांसमोर विचारलं, "हिरवी वायर कुठी आहे?"

रफिक म्हणाला, "भाऊ, आर्थिंगचं काम तुमचं. तुम्ही वायर जोडल्याशिवाय गॅस चालू करू नका, असं ताईले सांगून ठेवलं."

हिरवी वायर मीच जोडली. आता त्याच्यात खोट काढाले जागा नाई उरली, म्हणूनच पोटात जास्त दुखून राह्यलं.