कागदावरचा शहाणा

बेथेस्डा, वेल्स
६ ऑक्टोबर २०१०

चि. सौ. नेस्टास,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि मनुकांचा केक दोन्ही पोचले. लिव्हरपूलपासून इथवर येताना केक पार चेपला होता, आणि खरं सांगू का, तुझ्या हातचा केक चेपल्यावरच दाताला झेपतो. सिरिलरावांच्या गुडघ्याला आता उतार असेल.

रविवारी पोराला, गेथिनला, भेटून आलो. तुरुंगातून त्याला हॉस्पिटलात हलवल्याला सहा महिने झाले. अंगावर जरा मांस धरलंय, पण गोळ्यांनी हात सारखे थरथरतात. दर गुरुवारी नर्सबाई चौघांना गावात फिरवून आणतात. तिघं चहा घेतात, मोजे-बिजे विकत घेतात. आपला गेथिन हॉटेलच्या दारात उभा राहतो. कारण बाकीच्यांना आजारपणाचा सरकारी भत्ता मिळतो आणि याला हॉस्पिटल साबणापुरतं काहीतरी हातावर टेकवतं.

शेजारच्या खाटेवरच्या लेननं सख्ख्या बापावर सुरी चालवली होती. पण कोर्टानं त्याला आजारी ठरवून थेट हॉस्पिटलात धाडलं, म्हणून तो रोगी. गेथिननं गावातल्या इवरचं गवताचं कोठार पेटवलं, विझवताना इवरचे हात भाजले. कोर्टात सरळ उभा राहून त्यानं गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा घेतली, आणि आजार मागाहून तुरुंगात दिसला. म्हणून कागदोपत्री तो कैदी, आणि कैद्याला भत्ता नाही. वॉर्ड एक, डॉक्टर एक, गोळ्यासुद्धा त्याच. मी अर्ज केला होता. काल भत्त्याच्या कचेरीतून नकाराचं पत्र आलं, एक प्रत मला, एक गेथिनला. पत्र मोठं सभ्य आहे. कुणाशी भांडावं तेच कळत नाही.

तुझ्या ओळखीत कोणी कायदा जाणणारं असेल तर विचार. थंडीत छातीला जप.
तुझा,
एम्रिसदादा


लिव्हरपूल
१९ ऑक्टोबर

ती. दादास,
नेस्टाचा सा. न. वि. वि.

केकबद्दल बोललास ते लक्षात ठेवलंय. नाताळला कोरडा पाव पाठवीन.

आता थोडं कडू लिहिते. भांडायचं कुणाशी हे तुला कळत नाही म्हणतोस, मला कळतं. खटल्याच्या वेळी वकील म्हणत होता की आधी मुलाला डॉक्टरला दाखवू. तूच त्याला परतवलंस. आपल्या घरातला माणूस चुकला की चॅपेलात प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांसमोर उभा राहून चुकलो म्हणतो, वेडाचा आडोसा घेत नाही, असं तू त्याला ऐकवलंस. चॅपेलचा कारभारी ना तू! पहिल्या बाकावर बसणाऱ्याच्या पोराला वेडा कसं म्हणायचं?

आणि त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं तुझं पत्र माझ्याकडे आहे. गेथिननं रेडिओ बटाट्याच्या वाफ्यात पुरला, कारण त्यातला माणूस त्याचं नाव घेऊन बोलायचा. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून तू तो उकरलास, पुसलास आणि फळीवर ठेवलास. डॉक्टरकडे ने म्हणून मी तेव्हाच लिहिलं होतं. उत्तरात तू पावसाची हकिगत कळवलीस.

सिरिलच्या भाचीनं एका वकीलबाईंशी गाठ घालून दिली. त्या म्हणतात, कचेरीशी डोकं फोडून उपयोग नाही, कायदाच तसा आहे. वरच्या कोर्टानं शिक्षा बदलून हॉस्पिटलचा हुकूम केला, तरच तो रोगी ठरेल. त्याला तीन गोष्टी हव्यात. डॉक्टरांचा दाखला, तो तेव्हाच आजारी होता अशी तुझी साक्ष, आणि गेथिनची सही. तो नको म्हणाला तर कुणाचंच काही चालणार नाही.

साक्ष लिहून त्यांच्याकडे पाठव. सहीचा कागद सोबत आहे. पण सही घेण्याआधी त्याला सगळं सांग, तुला ठाऊक होतं हेसुद्धा. रागावू नकोस. तुझ्यावर माया आहे म्हणून तर टोचते.
तुझी धाकटी,
नेस्टा


बेथेस्डा
८ नोव्हेंबर

चि. सौ. नेस्टास,
आ. वि. वि.

तुझं एक अक्षर खोटं नाही. साक्ष मी रेडिओसकट लिहून वकीलबाईंना पाठवली आणि शनिवारी कागद घेऊन गेलो. बसमध्ये सारा रस्ता घोकत होतो. पोरा, तू आजारी होतास, मला दिसत होतं, पण मला लोकांची लाज वाटली.

गेथिननं मला त्याच्या खाटेपाशी नेलं. बाकीच्यांच्या भिंतींवर बायकामुलांचे, कुत्र्यांचे फोटो आहेत. यानं भत्त्याच्या नकाराचं पत्र चिकटवलंय. ‘आपण आपल्या अपराधाबद्दल शिक्षा भोगत आहात’ या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढलीय.

तो म्हणाला, “बाबा, इथे जो तो मला समजावतो की तेव्हाचा मी, मी नव्हतोच. हा एकटा कागद म्हणतो की मी होतो.”

मी खिशातला कागद दिला. त्यानं दोनदा वाचला. सही केली तर तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं असं कायमचं लिहिलं जाईल का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग चहा मिळेल का, असं विचारलं. मी म्हणालो, रोज. तो हसला गं, कित्येक महिन्यांनी. मग कागदाची घडी घालून त्यानं माझ्या खिशात परत ठेवली आणि त्या कापऱ्या हातांनी खिशाचं बटण लावत बसला. बराच वेळ लागला त्याला. मी मदत केली नाही.

बटण लागल्यावर वर न बघता म्हणाला, “कोर्टात तुम्ही म्हणालात, तुला कळतंय, उभा राहा. तेव्हा मला शहाणा मानणारे तुम्ही एकटेच होतात. खरंच वाटत होतं ना तसं?”

नेस्टा, याच्या नेमकं उलटं सांगायला मी तीन तास बसमध्ये बसून गेलो होतो.

मी म्हणालो, हो, वाटत होतं.

आता एवढं काम कर. वकीलबाईंना सांग, सही मिळाली नाही, आणि माझी साक्ष त्यांच्याकडून परत मागव. ती टाकू नकोस, पण तुझ्या घरी अशा जागी ठेव, की मी गेल्यावरसुद्धा गेथिनच्या हाती लागणार नाही.

सिरिलरावांना नमस्कार. हवं तेवढं रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.
तुझा,
दादा