गाडीचा आवाज

प्रिय भिंगरी,

तुझ्या आईला वाटतंय मी खाली गाडी पुसतोय. पुसून झालीये. जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितोय.

आधी गाडीचंच सांगतो. गेले तीन रविवार मी तिच्या मागे हात धुऊन लागलोय. बाजूची झाकणं, चेनचं कव्हर, मडगार्ड, सगळं उतरवलं, थिनरनं पुसलं, आतून पॉलिश पेपर मारला आणि आवाज दाबणारा तो काळा, रबरासारखा रंग ब्रशनं लावला. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा. मोटारी रंगवणारा आपला पेंटर म्हणाला, "काका, यानं पत्रा वाजायचा थांबेल. इंजिन थोडंच गप्प बसणार आहे?" मी म्हटलं, जेवढं होईल तेवढं. मडगार्ड बोटानं वाजवून पाहिलं, तर टण्‌च्या जागी ठप्प! पोरासारखा आनंद झाला मला. आईला खिडकीशी आणून उभी केली, खाली येऊन गाडी सुरू केली आणि वर पाहिलं. ती हसत होती. पण दोन्ही हातांनी गज असा आवळून धरला होता, की मी लगेच चावी फिरवून गाडी बंद केली.

पुढच्या रविवारी पेंटर नको म्हणत असताना सायलेन्सरलाही रंग फासला. तो तापल्यावर असा धूर निघाला, की पेंटर बादली घेऊन धावला. हसलीस ना? हस. आता मी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो आणि तिथे सुरू करतो. आई म्हणते, "बराच कमी झालाय हो आवाज." माझं मन राखायला म्हणते.

तुला सातवा महिना होता तेव्हा आईला ताप आला, एवढंच आम्ही कळवलं. ताप उतरला, पण जाताना कान बिघडवून गेला. ऐकू कमी येत नाही गं, नको तेवढं येतं. ताटलीत चमचा पडला तरी तिच्या मस्तकात कळ जाते. ती फोन पटकन ठेवते म्हणून तू रुसलीस, तेव्हा ती तुझा आवाज उशीखाली फोन ठेवून ऐकत होती. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, कदाचित हळूहळू कमी होईल, कदाचित नाही. मी दाराची घंटा काढली, खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलं. आम्ही कुजबुजत बोलतो. शेजाऱ्यांना वाटत असेल, म्हातारपणी नव्यानं प्रेमात पडलेत. माझ्या हातात असलेलं सगळं करून झालं, म्हणून तर गाडीच्या मागे लागलो.

परवा तू बाळाचा व्हिडिओ पाठवलास, तो रडतानाचा. आईनं आवाज अगदी बारीक करून लावला. मी शेजारीच होतो. पुरता संपेपर्यंत तिनं तो पाहिला, मग मोरीत जाऊन उलटी केली आणि तोंड धुऊन परत येऊन पुन्हा लावला. म्हणाली, "सवय करतेय. शनिवारी येतायत ना दोघं." तीनदा लावला. चौथ्यांदा मी फोन काढून घेतला, तर माझ्यावर अशी चिडली, तशी अख्ख्या संसारात चिडली नसेल.

भिंगरी, शनिवारी येऊ नकोस. एकटी ये म्हणणार होतो, पण दोन महिन्यांच्या बाळाला सोडून कुठली आई येईल? आणि त्यानं रडू नये असं तरी कसं म्हणू? तुझी आई तुला कधीच नको म्हणणार नाही. त्याला उराशी धरून बसेल आणि हूं की चूं करणार नाही. मला ते बघवणार नाही. काहीतरी कारण काढ, आणून सोडायला जावयांना सुट्टी मिळाली नाही म्हण. मी लिहिलंय हे सांगू नकोस. तिला तुझा राग येईल. येऊ दे बेटा.

तुझाच,
बाबा